हप्ता त्यांचाच असू दे

अनेक आशीर्वाद.

टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या वेस्ट साइडला, मेक्सिकन वंशाच्या स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत, तुम्ही उभ्या केलेल्या मंडळात दोन तट पडलेत. एकाला आधी धंद्यासाठी कर्जं हवीत, दुसऱ्याला आधी मतदार नोंदणी. आणि या भांडणाच्या मधोमध तू एका फाउंडेशनच्या अनुदानाचा अर्ज भरत बसली आहेस. तुझं पत्र वाचून काळजी वाटली. दोन्ही तट बरोबर आहेत, चुकतोय तो तुझा अर्ज. लोकांचं काम लोकांच्याच हप्त्यावर, म्हणजे सभासदांनी दरमहा भरलेल्या वर्गणीवर, चाललं पाहिजे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

"इतक्या गरीब घरांकडून पैसे मागू तरी कशी?" असं तू विचारतेस. सेझर चावेझ आणि डोलोरेस ह्युर्ता यांनी 1962 मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांची संघटना काढली, तेव्हा महिन्याचा हप्ता 3.50 डॉलर ठेवला. तीन वर्षांनी द्राक्षमळ्यांत संप झाला तेव्हा मजूर मागत होते तासाला 1.40 डॉलर. त्यावरून बघ, हप्ता किती जड होता. सुरुवातीला नावं घातलेल्या दोनशेवर कुटुंबांपैकी काही महिन्यांत नियमित भरणारी डझनभरच उरली. तरी हप्ता माफ केला नाही. उलट त्याच्या बदल्यात घराला उपयोगी पडेल असं काही दिलं: माणूस गेलं तर अंत्यविधीपुरता विमा, आणि 1963 पासून स्वतःची पतपेढी. तिच्या भांडवलासाठी चावेझ यांचे भाऊ रिचर्ड यांनी घर गहाण टाकून 3,700 डॉलर आणले. हिशेब सेझर यांच्या पत्नी हेलन ठेवत. सप्टेंबर 1965 मध्ये लॅरी इटलिआँग यांच्या फिलिपिनो मजुरांनी डेलानोत संप पुकारला आणि आठवडाभरात ही संघटनाही त्यात उतरली. पुढे चर्च, इतर कामगार संघटना, द्राक्षांवरच्या बहिष्कारात सामील झालेली देशभरची गिऱ्हाइकं, असा बाहेरचा आधार भरपूर मिळाला; मळेवाल्यांशी 1970 मध्ये झालेले करार त्याशिवाय झाले नसते. पण तो आधार आला तो आधीच हप्ता भरून एकत्र आलेल्या माणसांच्या पाठीशी. हा क्रम उलटा करू नकोस.

आता तुझं काम. महिना 5 डॉलर, घरटी, माणशी नव्हे. साठ घरांचे तीनशे होतात. खातं मंडळाच्या नावाचं, चेकवर दोघांच्या सह्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत. रोख घेतली की जागच्या जागी स्पॅनिशमध्ये पावती. जमा करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी बँकेत भरलीच पाहिजे. बिघडतं ते इथेच: पैसे आठवडाभर खिशात राहतात, घरखर्चात मिसळतात, आणि एक कुजबुज उठली की एका गल्लीतली वीस घरं जातात. मासिक बैठकीत सगळ्यात आधी जमाखर्च मोठ्याने वाचायचा, मग बाकीचे विषय. आणि कुणाचे दोन हप्ते थकले तर फोन करू नकोस, घरी जा. थकलेला हप्ता म्हणजे मंडळाचं कुठेतरी चुकल्याची बातमी असते. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला ती बातमी कधी मिळतच नाही. माणसं यायची थांबतात, पैसा येत राहतो.

घरं जोडायची पद्धत चावेझ यांनाही घडवणारे संघटक फ्रेड रॉस यांची वापर. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आठ-दहा जण, तासभर, आमंत्रण घरमालकिणीचं, तुझं नव्हे. तू कमी बोल. उठण्याआधी एकच प्रश्न: पुढची बैठक कोणाकडे? मेक्सिकन वंशाचे एडवर्ड रॉयबल 1947 मध्ये लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेची निवडणूक हरले. त्याच वर्षी रॉस यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशनने घरोघरी अशी माणसं जोडत हजारो मतदार नोंदवले, आणि 1949 मध्ये रॉयबल निवडून आले.

कर्जवाल्या तटाला सांग, तुमच्याकडे तांदा आहेच. आपली भिशीच ती: दहा जणांनी आठवड्याला 100 डॉलर टाकायचे आणि पाळीपाळीने हजार उचलायचे. तिची अडचण एकच, त्या शिस्तीची कुठे नोंद होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन असेट फंड या संस्थेने भिशीचे हप्ते कर्जफेड म्हणून क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे माणसाची पत नोंदवणाऱ्या कंपन्यांकडे, नोंदवायला सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलायनात डरहमला 2000 मध्ये लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन ही पतसंस्था निघाली, कारण रोकड घेऊन घरी जाणाऱ्या मजुरांना वाटेत लुटत होते. तुमच्या भागात पतसंस्था शोधताना सही करण्याआधी विचार: सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे करखात्याने दिलेला नंबर, चालतो का? इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन, या तिन्ही ब्युरोंकडे नोंद जाते का? सभासदांना हेही आधीच सांग की नोंद दुधारी असते. हप्ता 30 दिवस थकला तर तो डाग सात वर्षं राहतो. म्हणून पहिली फेरी लहान रकमेची, आणि ज्यांनी मंडळाचे सहा हप्ते वेळेवर भरलेत त्यांचीच.

नोंदणीवाल्या तटाने जपून पावलं टाकायची आहेत. टेक्ससमध्ये दुसऱ्याचा अर्ज जमा करायला काउंटीकडून, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून, नेमणूक लागते. ती नागरिकांनाच मिळते, म्हणजे ग्रीन कार्डावर असलेल्या तुला नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, हे काम गल्लीतल्याच माणसांनी करायचं आहे. नेमणूक सम वर्षाच्या 31 डिसेंबरला संपते आणि त्या काउंटीपुरतीच चालते. भरलेला अर्ज पाच दिवसांत नेऊन द्यायचा, अर्जदाराला पावती द्यायची. मतदानाच्या 30 दिवस आधी नोंदणी बंद होते. दर अर्जामागे पैसे द्यायचं कुणी सुचवलं तर तिथेच थांबव, तो गुन्हा आहे. आणि पेन हातात देण्याआधी नागरिकत्वाचा रकाना स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायचा. ग्रीन कार्डवाल्या बाईने भाबडेपणाने सही केली तर तिचं नागरिकत्व अडेल, देशाबाहेरही काढतील. अशांची यादी वेगळी ठेव. बहुतेकांना पाच वर्षं पुरी व्हायच्या 90 दिवस आधी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

मी हटवादी आहे असं तुमच्यातला कुणी म्हणाला, तेही तू कळवलंस. म्हणू दे. अनुदानाची मुदत संपली की पगारी माणूस जातो, आणि सभासदांची यादी त्याच्याच लॅपटॉपमध्ये जाते. चांगली मंडळं अशी विझताना पाहिली आहेत, त्याची हळहळ अजून आहे. तुझ्याच शहरात 1974 मध्ये संघटक एर्नेस्टो कोर्तेस यांनी कॉप्स ही वस्त्यांची संघटना उभी केली. तिला वर्गणी देत वेस्ट साइडचे पॅरिश, म्हणजे चर्चचे स्थानिक समुदाय, आणि संघटना चालवायला सरकारी पैसा घ्यायचा नाही हा दंडक. म्हणूनच नगरपालिकेला वर्षानुवर्षं रखडलेल्या गटारांचा जाब त्यांना विचारता आला. पुढच्या वर्षी त्यांच्या बायका फ्रॉस्ट बँकेत रांगा लावून डॉलरची चिल्लर आणि चिल्लरीचे डॉलर करत राहिल्या, शहरातल्या बड्यांवर दबाव आणायला. पगारी कार्यकर्ते आणून असं होत नाही. 1977 मध्ये शहरात दहा प्रभाग झाले, म्हणजे वेस्ट साइडला आपला नगरसेवक निवडता आला, आणि 1981 मध्ये मेक्सिकन वंशाचे हेन्री सिस्नेरोस महापौर झाले.

तर तो अर्ज पाठवू नकोस. पावतीपुस्तक घे, प्रत्येक गल्लीला वेगळं. दोन महिन्यांच्या स्थळप्रतींचे फोटो मला पाठव. कोणत्या गल्लीतून हप्ता येत नाही ते बघू आणि तिथली पुढची बैठक कोणाच्या घरी घ्यायची ते ठरवू.