पडद्यावरचे पट्टे आणि स्पीकरमधली घुमघुम

प्रश्न : आमच्या जुन्या एलसीडी टीव्हीला लॅपटॉप व्हीजीए केबलने जोडला आहे आणि आवाजासाठी वेगळी ऑडिओ वायर लावली आहे. चित्र येते, पण पडद्यावर फिकट, रुंद आडवे पट्टे सतत वर सरकत राहतात आणि टीव्हीच्या स्पीकरमधून एकसारखी घुमघुम ऐकू येते. केबल दोनदा बदलली. आता दुकानदार फेराइटची गाठ असलेली महाग केबल घ्या म्हणतो. घ्यावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : निदान इतक्यात तरी घेऊ नका. केबलच्या टोकाशी दिसणारी ती फेराइटची गाठ उच्च वारंवारितेचा व्यत्यय अडवते. तुमच्या वर्णनातली घुमघुम घरच्या विजेची, म्हणजे 50 हर्ट्झची आहे आणि तिच्यापुढे ती गाठ असून नसल्यासारखीच.

प्रथम एक पैशाचाही खर्च नसलेली परीक्षा करा. चित्र चालू असतानाच लॅपटॉपचा चार्जर बोर्डातून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू द्या. पट्टे आणि घुमघुम त्याच क्षणी नाहीशी झाली, तर दोष केबलचा नसून अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून तुमच्या वायरींमार्गे पुऱ्या होणाऱ्या विजेच्या वाटेचा आहे असे समजावे. चार्जर पुन्हा लावून, सेट-टॉप बॉक्सच्या मागे स्क्रूने बसवलेली केबलवाल्याची वायर सोडवून पाहा. तेव्हाही चित्र स्वच्छ झाले, तर तो फेरा कोठून पुरा होतो हेही कळले. मात्र ही वायर काढताना तिचा धातूचा भाग आणि लॅपटॉपचा धातू एकाच वेळी हातात धरू नका, कारण जिन्यात किंवा गच्चीवर बसवलेल्या अॅम्प्लिफायरमधून त्या वायरवर विजेचा किती दाब (व्होल्टेज) उतरला आहे, हे आपल्याला घरात बसून कळत नाही.

घडते ते असे. लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असल्यामुळे लॅपटॉपचा सांगाडा तुमच्या घराच्या अर्थिंगला जोडलेला असतो. टीव्हीला बहुधा दोनच पिना असतात, पण सेट-टॉप बॉक्समार्गे केबलच्या वायरीची बाहेरची जाळी त्याच्यापर्यंत पोहोचते आणि ती जाळी इमारतीत दुसरीकडेच, दुसऱ्या मीटरवरच्या अर्थिंगला टेकलेली असते. या दोन अर्थिंगमध्ये थोडाफार दाबाचा फरक असतोच, आणि त्या फरकामुळे वाहणाऱ्या प्रवाहाला तुमची व्हीजीए केबल व ऑडिओ वायर ही आयती वाट मिळते. व्हीजीएमधील चित्राचा पूर्ण संकेतच जेमतेम 0.7 व्होल्टचा असल्यामुळे त्यात काही शतांश व्होल्ट मिसळले तरी ते डोळ्यांना दिसतात. शंका राहिली तर, टीव्ही स्वीकारत असल्यास, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, 60 ऐवजी 50 करून पाहा : पट्टे जवळजवळ जागच्या जागी थांबले, तर ते विजेचेच आहेत.

आता उपाय. लॅपटॉप, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स ही तिन्ही उपकरणे अर्थिंग असलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या; कधीकधी एवढ्यानेच निम्मा त्रास जातो. उरलेल्यासाठी केबलची वायर सेट-टॉप बॉक्समध्ये शिरते त्या ठिकाणी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवावा. त्यातील कपॅसिटर वाहिन्यांची उच्च वारंवारिता जाऊ देतात आणि 50 हर्ट्झला थोपवतात. तुमच्याकडे केबलऐवजी डिश असेल, तर मात्र असा साधा आयसोलेटर लावू नका, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (संकेत पकडणाऱ्या डबीला) लागणारे 13 किंवा 18 व्होल्ट त्याच वायरीतून वर जातात आणि ते अडले की डिश बंद पडते. आवाजापुरता प्रश्न उरला, तर ऑडिओ वायरीच्या मध्ये 1:1 चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो; तो आवाज पुढे जाऊ देतो, पण दोन्ही बाजूंची वायर थेट जोडलेली ठेवत नाही. लॅपटॉप व टीव्ही दोहोंना एचडीएमआय असेल, तर ही सारी खटपट सोडून चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच न्यावे; फेरा तेव्हाही राहतो, पण संकेत डिजिटल असल्यामुळे तो पट्ट्यांच्या रूपाने दिसत नाही.

एक उपाय मात्र कोणी कितीही आग्रहाने सांगितला तरी करू नये, तो म्हणजे चार्जरची जाड पिन मोडणे किंवा दोन-पिनी कन्व्हर्टर लावणे. पट्टे जातीलही, पण मग चार्जरच्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जायला वाट उरत नाही, लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा मिणमिणतो. पिन शाबूत असूनही असे होत असेल, तर बोर्डातील तिसऱ्या भोकामागे वायरच जोडलेली नाही असा त्याचा बहुधा अर्थ होतो. जुन्या इमारतींत हे नवल नाही. तेव्हा टीव्हीचे राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

प्रश्न : एचडीएमआयने संगणक जोडला आहे. चित्र उत्तम असते, परंतु फ्रिज सुरू किंवा बंद होताना टीव्ही दोन-तीन सेकंद काळा पडतो. टीव्हीत दोष आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : टीव्हीवर संशय घेण्याआधी केबल पाहा. फ्रिजची मोटर बंद होताना त्याच्या स्विचमध्ये बारीक ठिणगी उडते आणि तिचा झटका विजेच्या वायरीतून व हवेतूनही पसरतो. डिजिटल संकेत थोडाथोडा बिघडत नाही. तो टिकतो तोवर टिकतो आणि तुटला की टीव्हीला संगणकाशी पुन्हा सगळी ओळख करून घ्यावी लागते, ते हे दोन-तीन सेकंद. संगणक 4के, 60 हर्ट्झवर असेल, तर केबलमधून सेकंदाला सुमारे 18 गिगाबिट जात असतात, तर फुल एचडीला साडेचारच्या आसपास पुरतात. एक दिवस फुल एचडी ठेवून पाहा. काळे पडणे थांबले, तर केबल कुवतीच्या काठावर चालते आहे. तिच्या जागी शक्य तितकी आखूड, 18 गिगाबिटसाठी प्रमाणित केबल घ्यावी. टोकाला सोन्याचा मुलामा असण्याने यात काही फरक पडत नाही. केबल विजेच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत दाबून नेली असेल, तर ती वेगळी करावी, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. फ्रिज आणि टीव्ही एकाच बोर्डावर असतील, तर ते आजच बदला.

प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या संगणकाचा वायरलेस माउस सोफ्यावरून अडखळत चालतो, सेल नवे आहेत. (एक वाचक, पणजी)

उत्तर : माउसच्या रिसीव्हरशेजारी यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावलेला आहे का, ते पाहा. त्या जोडणीचा विद्युतगोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत पसरतो आणि माउसचा रिसीव्हर बहुधा तेथेच ऐकत असतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या यूएसबी 2.0 खाचेत घाला. तशी खाच नसेल, तर मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायरीने तो टीव्हीच्या मागून काढून पुढच्या कडेला, सोफ्याच्या समोर आणून ठेवा.