तिवरांमुळे लोकल रखडते का?

प्रश्न : मी विरारहून अंधेरीला नोकरीसाठी जाते. सकाळी महिला डब्यात पाय ठेवायलाही जागा नसते. बोरिवली-विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, पण पुढे तिवरांच्या (खारफुटीच्या) परवानगीत वेळ गेला असं वाचलं. लोकल, मेट्रो, बस अशा लोकांच्या कामांना पर्यावरणाच्या परवानग्यांतून सरसकट सूट का देत नाहीत?
– एक वाचक, विरार

उत्तर : ताई, विरारहून भरून आलेल्या गाडीत मी सतरा वर्षं वसईला चढले आहे. तुमची घाई मला कळते. नोकरीही माझी याच परवानग्यांसाठी झाडं मोजायची होती. तरीही सरसकट सूट नको, असंच मी म्हणेन.

मुळात रेल्वेला मोठी सूट आहेच. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत आधी मंजुरी लागणाऱ्या कामांची यादी आहे. तिच्यात महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, बंदरं आहेत, रेल्वेमार्ग नाहीत. मेट्रोचे रूळही नाहीत. लागतात त्या बाकीच्या परवानग्या. झाडांसाठी महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण, खाडीसाठी सीआरझेड (किनारपट्टीवरच्या कामांचे नियम), वनजमिनीसाठी वन खातं (तिथेही आधी तत्त्वतः, मग अंतिम), आणि तिवरं तोडायची तर २०१८ च्या निकालानुसार थेट मुंबई उच्च न्यायालय. तुमच्या मार्गिकेला भाईंदर-नायगावमधली खाडी ओलांडायची आहे, म्हणून ही सगळी दारं तिच्या वाट्याला आली. यातलं एकही दार मला अनाठायी वाटत नाही. वेळ जातो तो एका दारातून दुसऱ्या दारात जाताना.

एका खाडीपुलाच्या कामाला आम्ही तिवरं मोजत होतो. ओहोटी लागली की जेमतेम दोन-अडीच तास मिळायचे. गुडघाभर चिखल, दोरीने आखलेला दहा मीटरचा चौकोन, एक जण बुंध्याला टेप लावून घेर ओरडून सांगतोय आणि मी लिहून घेतेय. पाणी चढायला लागलं की दोरी तिथेच टाकून बांधावर यायचं. असे एकोणीस दिवस काढले. यादी गेली आणि पाच महिन्यांनी फाइल परत आली. खाडीची हद्द एका खात्याच्या नकाशावर जिथे होती, तिथून दुसऱ्याच्या नकाशावर चाळीस पावलं आत होती, म्हणून बाधित क्षेत्राचे आकडे जुळत नव्हते. पुन्हा मोजायचं ठरेपर्यंत पावसाळा लागला. एकही तिवर वाचवण्यासाठी तो वेळ गेला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

जमिनीच्या कामात संयुक्त मोजणी होते, तशी इथे व्हायला हवी. रेल्वे, वन, महसूल, महापालिका, सगळ्यांची माणसं एकाच ओहोटीला एकाच बांधावर उभी राहावीत आणि एकाच नकाशावर सह्या करून परतावीत. २०१८ मध्ये केंद्राने परिवेश पोर्टल सुरू केलं, अर्ज एका जागी आले, हे चांगलंच झालं. पण चिखलातली मोजणी वेगवेगळीच राहिली, तर आकड्यांचा घोळ पोर्टलवरही तसाच चढतो. आणि ही मोजणी मार्गाची रेघ पक्की होण्याआधी व्हावी. आम्हाला बोलावणं यायचं ते बहुतेकदा रेघ ठरल्यावर, कधी तर निविदा निघाल्यावर. मग मध्ये जुना वड आला तरी रेघ हलत नाही, आणि भांडण कोर्टात जातं.

लहान कामांना मात्र खरोखरच सूट द्यावी. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहराची सायकल योजना पर्यावरण अहवाल केला नाही म्हणून कोर्टाच्या मनाईमुळे २००६ ते २०१० अडकून पडली. रस्त्यावर सायकलसाठी पट्टे आखायला चार वर्षं! २०२० मध्ये तिथे कायदा करून बसमार्गिका, सायकलमार्ग अशा कामांना त्या अहवालातून मोकळं केलं. आपल्याकडेही आहे त्याच रस्त्यावर बसची मार्गिका आखायची किंवा थांबा रुंद करायचा, तर लांबलचक प्रक्रिया नको, साधी परवानगी पंधरा दिवसांत मिळावी.

खाडीत भराव घालणं ही वेगळी गोष्ट आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या, ते तुम्हीही भोगलं असेल. पाण्याची वाट कुठे आहे, हे न बघता नवे रूळ टाकले तर पुढच्या पावसात त्यावरची लोकलही उभी राहील.

लोकांचं ऐकून घेण्याची पायरीही गाळू नये. आरेत मेट्रो-३ ची कारशेड (गाड्या ठेवायची जागा) व्हायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने तिथली झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर २,१४१ झाडं पडली होती. पुढे कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, २०२२ मध्ये पुन्हा आरेत आलं, आणि एवढी घाई करूनही त्या मार्गावर पहिले प्रवासी बसले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये.

तुम्ही एक करा. झाडांवर नोटीस लागली की तिचा फोटो काढा आणि दिलेल्या मुदतीत लेखी म्हणणं पाठवा. हरकतच घ्यायला हवी असं नाही, मार्गिका का हवी तेही लिहिता येतं. मी बसले त्या सुनावण्यांना झाडांची बाजू मांडणारे होते, ठेकेदाराचे लोक होते. रोज लटकत जाणारी बाई मला एकदाही भेटली नाही. सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते आणि तेव्हा तुम्ही कामावर असता. तुमच्या पत्रात पहिली ओळ हीच लिहा, की सुनावणी रविवारी ठेवा.