आदिवासी कवितेवर संशोधन : मुलीला करू द्यावं का?

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इंग्रजी. अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कवितेवर एम.ए. आणि पुढं पीएच.डी. करायची म्हणते. प्रेम, जमीन आणि गोऱ्यांशी झुंज असा विषय सांगते. आमची दोन एकर उसाची शेती. आम्ही म्हणतो, बी.एड. कर. यात पुढं काही आहे का? – एक पालक, कागल

उत्तर : नमस्कार. आहे, पण नुसत्या इंग्रजीच्या जोरावर नाही. परदेशी कविता इंग्रजीत वाचून इंग्रजीतच प्रबंध लिहिणारे पुष्कळ आहेत. तुमच्या मुलीकडं मराठी आहे आणि जमिनीची बोली घरातच आहे. या कवितेसाठी ते मोठं भांडवल आहे.

कसं ते सांगतो. इंग्रजी ‘लँड’ला मराठीत सरळ ‘जमीन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सातबारा येतो, गुंठे येतात, बांधावरचं भांडण येतं. या कवितेत बहुतेक वेळा जमीन मालकीची वस्तू नसते, नात्यातली असते. मोजणी आणि मालकीचा कागद सत्तेनं बाहेरून आणलेला असतो. मग कुठं ‘भुई’, कुठं ‘रान’, कुठं ‘मुलूख’ लिहायचं, हे ओळीओळीला ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या मोहावी या आदिवासी समाजातल्या नताली डियाझ यांच्या ‘पोस्टकलोनियल लव्ह पोएम’ या संग्रहाला २०२१चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यात प्रेयसीचं शरीर आणि कोलोरॅडो नदी वेगळी काढता येत नाहीत, कारण मोहावी लोक स्वतःला ज्या नावानं ओळखतात त्याचा अर्थच ‘नदी आमच्या शरीराच्या मधून वाहते’ असा होतो. प्रेमकविता एका प्रकरणात आणि भूमीची कविता दुसऱ्या प्रकरणात टाकली, तर प्रबंध तिथंच फसतो. हे निसर्गप्रेमही नव्हे. तो शब्द तिनं वहीतून खोडून टाकावा.

दुसरी चूक इतिहासाची. अमेरिकेतल्याच आदिवासी कवयित्री लेली लाँग सोल्जर यांची ‘३८’ ही कविता २६ डिसेंबर १८६२ रोजी तिथल्या सरकारनं फाशी दिलेल्या डाकोटा या आदिवासी समाजातल्या ३८ पुरुषांवर आहे. करारानं ठरलेले पैसे सरकारकडून डाकोटांना मिळाले नाहीत, उपासमार झाली, त्यातून त्यांचा उठाव झाला. हे माहीत नसेल तर कवितेतला कोरडा, हिशेबी सूर नुसता विचित्र वाटतो. म्हणून प्रत्येक कवितेमागचा करार, कायदा आणि साल आधी काढायचं, समीक्षेचे सिद्धांत नंतर.

विषय ‘जगातली आदिवासी कविता’ असा ठेवू नये, तो कुणालाच पेलत नाही. एक परदेशी कवी आणि एक आपल्याकडचा, एवढं पुरे. आपल्याकडं भिलीत आणि मराठीत लिहिणारे वाहरू सोनवणे आहेत, ‘उलगुलान’ हा संग्रह लिहिणारे भुजंग मेश्राम आहेत. सोनवणेंची ‘स्टेज’ तिनं पहिल्यांदा वाचावी. ज्यांचं दुःख त्यांना मंचाखाली बसवून दुसरेच त्यांच्या दुःखावर बोलतात, असं ती कविता सांगते. संशोधन करणाऱ्या प्रत्येकालाच तो प्रश्न आहे. म्हणूनच भिली किंवा गोंडी, एक भाषा निदान ऐकून समजण्याइतकी शिकायला हवी.

आता पोटाचं. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, साधारण जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. एम.ए.च्या शेवटच्या वर्षातही बसता येतं. नेटसाठी एम.ए.ला खुल्या वर्गाला ५५ टक्के लागतात, राखीवला ५०. नेटचा इंग्रजीचा पेपर नाटक, कादंबरी, भाषाशास्त्र, समीक्षा असा दहा घटकांचा आहे. आवडती कविता त्यात थोडीच येते, त्यामुळं तिच्यापायी बाकीचं टाकलं तर पेपर जातो. जेआरएफ, म्हणजे नेटमधूनच मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पीएच.डी.चा भार तुमच्यावर येत नाही. पण त्यानंतर कायम प्राध्यापकी लगेच मिळेल असं धरू नका. तासिका तत्त्वावर वर्षं काढणारे तुमच्या ओळखीतही असतील.

म्हणून बी.एड.चं तुमचं म्हणणं मला पटतं, फक्त क्रम बदला. आधी एम.ए., मग जेआरएफ हुकली तर बी.एड. करावं, म्हणजे ज्युनिअर कॉलेजात शिकवण्याची वाट उघडी राहते. सोबत अनुवाद सुरू ठेवावा. एक कविता छापायची तरी मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी लागते आणि उत्तर यायला महिने जातात. कविता निवडल्या की आधी पत्र पाठवावं.

शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला अर्ज करण्याआधी तिच्याकडून तीन कविता मराठीत करून घ्या आणि संध्याकाळी घरात मोठ्यानं वाचायला सांगा. जमिनीबद्दलच्या ज्या शब्दाला तुम्ही अडाल, ‘असं कोण म्हणतं?’ असं वाटेल, त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. त्या रेघा घेऊन तिनं मार्गदर्शक प्राध्यापकांकडं जावं.