काम भरपूर आहे, पाया मात्र मुरमावर घे

बाबू, ठेकेदारी सुरू करतोस, बरं केलंस. देशात बांधकाम वाढणारच. केंद्रानं 2024 मध्ये ग्रामीण घरकुलांची आणखी 2 कोटी घरं मंजूर केली, मुदत 2029 पर्यंत. सिमेंटवरचा जीएसटीही सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. समृद्धीसारखा 701 किलोमीटरचा रस्ता मोठ्या कंपन्यांचा. तुझं काम घरकुल, गोठा, गोदाम.

घरकुलाचे 1 लाख 20 हजार हप्त्यानं येतात, कामाचा फोटो ऑनलाइन चढल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दोनच घरं घे. मी पाच घेतली होती. मजुरी थकली आन् चांगला मिस्त्री हातचा गेला, त्याचं मला अजून वाईट वाटते.

सगळ्यात जास्त जीव घराच्या पायात घाल. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. घरमालक कितीही घाई करो, मुरूम, म्हणजे मातीखालचा कडक थर, लागेपर्यंत खोद. मे महिन्यात स्लॅब टाकशील तर संध्याकाळी टाक, दुसऱ्या दिवशी आळी बांधून पाणी तुंबव, निदान 10 दिवस. रेती पावसाळ्याआधीच भरून ठेव, तीही सरकारी पावतीचीच.