हार्डवेअरच्या दुकानात चांगली सेवा मिळतेय हे कशावरून ओळखायचं? तुमचा अनुभव काय?

माझी खूण एकच आहे. वस्तू काढण्याआधी काउंटरवरचा माणूस 'कशासाठी हवंय?' असं विचारतो का? गोड बोलणं, बसायला खुर्ची देणं हे सगळं नंतरचं.

घरातला नळ ठिबकत होता, पाव वळणात उघडणारा. जुना स्पिंडल, म्हणजे मूठ फिरवली की पाणी चालू-बंद करणारा नळाच्या आतला भाग, काढून दुकानात नेला. तिथल्या माणसाने तो हातातही घेतला नाही. 'अर्धा इंची ना? हा घ्या, बसेल,' म्हणत पाकीट पुढे सरकवलं. बसला नाही, कारण नळाची मूठ जिथे बसते तिथले दातेच वेगळे होते. परत करायला गेलो तर 'पाकीट फोडलंय'! तो राग मला आजही रास्त वाटतो. नमुना समोर असताना न बघता माल द्यायचा आणि भुर्दंड गिऱ्हाइकाने सोसायचा, हे बरोबर नाही.

दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी जुना आणि नवा स्पिंडल शेजारी शेजारी उभे धरून उंची जुळवली, दाते मोजले, मग दोन्ही फिरवून पाहिले. नळ गरम पाण्याचा की थंड, हेही विचारलं, कारण दोन बाजूंचे स्पिंडल बरेचदा उलट दिशांनी उघडतात. एवढ्याला किती वेळ लागतो? घरी येऊन लावला आणि ठिबकणं थांबलं.

पाइप घेताना तर 'कशासाठी हवंय?' हा प्रश्न हवाच हवा. 'अर्धा इंच' हे मापाचं नुसतं नाव आहे. अर्धा इंची नळाचे आटे बाहेरून सुमारे 21 मिलिमीटर भरतात, त्यामुळे टेप लावून मोजणारा 'पाऊण इंची द्या' म्हणतो आणि हेलपाटा पडतो. प्लॅस्टिक पाइपचे सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी असे दोन प्रकार घ्या: अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून जेमतेम 16 मिलिमीटर, यूपीव्हीसी 21 च्या पुढे. एकाचा एल्बो (वळणावरचा जोड) दुसऱ्याला लागत नाही. त्यात लाइन गीझरची असेल तर यूपीव्हीसी चालतच नाही. साधारण 60 अंशांच्या वर त्याचा भरवसा नाही, सीपीव्हीसी मात्र 90 अंशांपर्यंत टिकतो. हे न विचारता दिलेला पाइप भिंतीत गेला, की पुढे भिंतच फोडावी लागते.

कापलेली वायर किंवा मागणीप्रमाणे मिसळलेला रंग परत घेत नाहीत, त्यात मला गैर वाटत नाही. तो माल पुन्हा विकायचा कोणाला? फक्त कापण्याआधी तसं सांगावं. आणि 'आमच्याकडे नाही, पलीकडे मिळेल' असं सरळ सांगणाऱ्या दुकानात मी आवर्जून पुन्हा जातो.

तुमच्या बाजूने एक करा: जुना भाग सोबत न्या. तो निघत नसेल तर पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. गिट्टी (स्क्रू पकडायला भिंतीच्या भोकात बसवतात ती) आणि स्क्रू हवे असतील तर भिंत विटेची, काँक्रीटची की जिप्सम बोर्डाची, आणि तिच्यावर काय टांगायचंय, हे आधीच सांगा.