कोल्हापुरात नवीन घर? आधी एवढंच बघा

ताई, सामान लावायची घाई नको. आधी शेजारच्या आजींना विचारा, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? त्या पायरीवर बोट ठेवून दाखवतील. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे पाठच करा. तळमजला असेल तर कागदपत्रं माळ्यावर.

नवीन मंडळी हमखास चुकतात ते इथं:

- पहिल्याच महिन्यात सगळं फर्निचर घेतात. एक पावसाळा जाऊ द्या, कुठली भिंत ओल धरते ते कळेल.
- दार लावून बसतात. बाळाला घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हशीची धार समोर काढून देतात, ओळखी तिथंच होतात. बाळाला मात्र दूध उकळूनच द्या.

शाळेचं नंतर बघू. अडलं तर हक्कानं विचारा.