गारठा ॲम्पचा की सुईचा?

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहतो. 1980च्या सुमाराचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर अजून वापरतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला तबकडी लावली की आवाज कर्कश येतो, गाणाऱ्याचा ‘स’ फुटतो. आठ-साडेआठनंतर तीच तबकडी गोड वाजते. सीडीला मात्र एवढा फरक वाटत नाही. मित्राचं म्हणणं, ॲम्प तापल्याशिवाय खुलत नाही, चोवीस तास चालूच ठेव. ठेवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका ठेवू. तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, सीडीच्या वाक्यात. सीडी असो की तबकडी, दोन्हींचा आवाज त्याच ॲम्पमधून आणि त्याच स्पीकरमधून बाहेर पडतो. ॲम्प गार म्हणून बिघडत असता, तर सीडीही तशीच कर्कश वाजली असती. फोनोचा भाग (तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणारा) तेवढा वेगळा, पण त्यात तापण्याजोगं फारसं काही नसतं.

माझा संशय सुईवर आहे. सुईची बारीक दांडी इवल्याशा रबरात बसवलेली असते आणि रबर गारठलं की ताठ होतं. ‘स’, ‘श’ आले की खाचेत फार झपाझप वळणं येतात. ताठ रबरातली सुई तिथे खाचेला धरून राहत नाही, उडते. तोच तुमचा फुटलेला ‘स’. पिकअप (सुई बसवलेला भाग) बनवणारे आपले आकडे साधारण 20 ते 25 अंशांना धरून देतात. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो (निफाडकरांचं तर विचारूच नका), आणि खोली साडेसहाला चांगलीच गारठलेली असते. आठनंतर ऊन आत येतं, खोली उबते, सुई उबते. त्याच वेळात ॲम्पही तापलेला असतो, म्हणून श्रेय त्याला मिळतं.

खात्री करून घ्या. एके दिवशी साडेपाचलाच ॲम्प चालू करा आणि साडेसहाला, खोली गार असतानाच, तबकडी लावा. दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंत ॲम्पला हातच लावू नका. ऊन आल्यावर चालू करा आणि लगेच तीच तबकडी लावा. आवाजाचं बटण दोन्ही वेळा एकाच खुणेवर हवं, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. गरम ॲम्पवरही ‘स’ फुटला आणि गार ॲम्पवर फुटला नाही, तर मित्राला चहाला बोलवा.

उपाय सोपा आहे. खोली उबू द्या. सुईचा तबकडीवरचा भार कंपनीने दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाकडे ठेवा. भार कमी ठेवला की तबकडी वाचते, हा गैरसमज आहे, उडणारी सुईच खाच जास्त खरवडते. केस वाळवायचं यंत्र घेऊन सुई शेकणारे महाभाग मला रविवार कारंजाजवळच्या माझ्या दुकानात भेटले आहेत. तसलं काही करू नका, गरम झोताने रबर बिघडू शकतं. उन्हाळ्यातही ‘स’ फुटू लागला, तर रबर म्हातारं झालं समजा, सुई बदला.

मित्र अगदीच चुकीचा नाही. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओचा जमाना आठवा. बटण फिरवल्यावर काचेतली तार लाल व्हायची, मग आवाज यायचा. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावलं, तर सुरुवातीला स्टेशन सरकायचं, पुन्हा पुन्हा काटा जुळवावा लागायचा. सेट नीट तापला की स्थिर व्हायचं. ‘सेट तापू दे’ हे त्या घरांतलं रोजचं वाक्य, आणि तिथे ते खरंच होतं.

ट्रान्झिस्टरमध्येही काही बदलतं. तापमान एक अंशाने वाढलं की ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधला व्होल्टेज सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतो, म्हणून हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) लावलेला एक ट्रान्झिस्टर बायस, म्हणजे गाणं नसतानाही वाहणारा थोडासा प्रवाह, सांभाळत बसतो. हा खेळ दहा-पंधरा मिनिटांत स्थिरावतो. आम्हीही बायस लावतो तो सेट तापल्यावरच. हा फरक मीटरवर दिसतो. धड असलेल्या सेटवर कानाला ओळखणारा मला भेटलेला नाही. आणि तापणं नेहमी फायद्याचंच असतं असंही नाही. स्पीकरची तांब्याची कॉइल तापली की तिचा रोध दर अंशाला 0.39 टक्क्यांनी वाढतो आणि आवाज उलट दबतो.

चोवीस तास चालू ठेवायचं, तर नुसता बसलेला ॲम्प 40 वॅट खात असेल तरी महिन्याला जवळपास 29 युनिट होतात. वर तुमच्या सेटमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जुने. दहा अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

मित्राकडे स्वतःचा व्हॉल्व्हचा ॲम्प असेल, तर ऐकण्याआधी वीस मिनिटं त्याने जरूर द्यावीत. पण तोही त्याने रात्री बंद करावा. पॉवर व्हॉल्व्ह साधारण दोन ते पाच हजार तास चालतात, आणि वर्षाचे तास होतात 8760.